जेल, प्रिझन, लॉक-अप, कस्टडी: कोणता शब्द कुठे?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंनी कोर्टाच्या कागदांचं मराठी-इंग्रजी भाषांतर नुकतंच सुरू केलं आहे. त्यांची अडचण अशी: जेल, प्रिझन, लॉक-अप, कस्टडी, पेनिटेन्शरी, करेक्शनल फॅसिलिटी, डिटेन्शन सेंटर, शब्दकोशात यातल्या बहुतेकांपुढे 'तुरुंग, कारागृह' एवढंच लिहिलेलं असतं. मग हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? सोबत त्यांनी तीन नमुने दिले आहेत. ठाण्याच्या एका आदेशातली '१४ दिवसांची न्यायालयीन कोठडी', अमेरिकेतल्या एका कागदावर काउंटी जेलमध्ये काढलेले अकरा महिने, आणि 'तुम्हाला कधी अटक, स्थानबद्धता, दोषसिद्धी किंवा कारावास झाला आहे का' असं विचारणारा व्हिसाचा अर्ज.

बोलण्यात चालतात. 'पोरगा तळोजात आहे', म्हणजे तळोजा कारागृहात, म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. कागदावर मात्र चालत नाहीत, कारण तिथे हा शब्द इमारतीबद्दल फार थोडं सांगतो आणि माणूस कोणाच्या ताब्यात आहे त्याबद्दल बरंच काही सांगतो. म्हणून भाषांतराला बसताना मी आधी तीन गोष्टी शोधायला सांगेन. ताबा पोलिसांचा आहे की कारागृहाचा? हुकूम शिक्षेचा आहे, खटल्याआधीचा आहे, की खटल्याशिवाय नुसतं अडकवून ठेवण्याचा? आणि कागद कोणत्या देशाचा, कोणत्या काळातला? या तिन्हींची उत्तरं मिळाली की शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो. गज किती जाड आणि खोली किती अंधारी, याचा शब्दाशी फारसा संबंध नाही.

याला ठाण्याचंच उदाहरण आहे. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनानंतर १८१५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळ्याला याच किल्ल्यात ठेवलं आणि १८१६ च्या सप्टेंबरात तो तिथून निसटला. त्याच्यावर खटला चालला नव्हता, शिक्षा झाली नव्हती. हा राजकीय कैदेचा, स्थानबद्धतेचा प्रकार होता. पुढे १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या खुनाबद्दल ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इथे खटला होता, निकाल होता, शिक्षेची अंमलबजावणी होती. जागा तीच, भिंती त्याच. पण डेंगळ्याच्या बाबतीत इंग्रजीत 'कन्फाइन्ड' किंवा 'डिटेन्ड' म्हणावं लागेल, आणि कान्हेऱ्यांच्या बाबतीत 'सेन्टेन्स्ड'.

आता आपल्याकडचे कागद. १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टने प्रिझनची व्याख्या करतानाच 'कोणताही जेल किंवा जागा' असे शब्द वापरले आहेत. म्हणजे भारतीय कायद्यात जेल हा प्रिझनच्या पोटातच येतो. त्या व्याख्येतून एक जागा मात्र स्पष्टपणे वगळली आहे: जिथे फक्त पोलिसांच्या ताब्यातले लोक ठेवले जातात ती, म्हणजे पोलीस ठाण्यातलं लॉक-अप. आपल्याकडे खरी सीमारेषा जेल आणि प्रिझनच्या मधून जात नाही, ती लॉक-अप आणि जेलच्या मधून जाते. ठाणे सेंट्रल प्रिझनला वर्तमानपत्राने ठाणे जेल म्हटलं तर अर्थ बदलत नाही. पोलीस लॉक-अपला जेल म्हटलं तर बदलतो.

तुमचा पहिला नमुना नेमका या रेषेवर आहे. 'कोठडी' शब्द दोन्हीकडे असल्यामुळे नवे भाषांतरकार पोलीस कोठडी म्हणजे पोलिसांची खोली आणि न्यायालयीन कोठडी म्हणजे कोर्टातली खोली असं समजून चालतात आणि इंग्रजीत 'कोर्ट लॉक-अप' लिहून मोकळे होतात. दोन्हीकडे कोठडी म्हणजे कस्टडी, ताबा. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच ते लिहिलं आहे. तिथे पोलिसांना चौकशीसाठी ताबा हवा असेल तर पोलीस कस्टडी मिळते, आणि माणूस पोलीस ठाण्याच्या लॉक-अपमध्ये परत जातो. नको असेल किंवा कोर्टाने दिली नाही, तर ज्युडिशियल कस्टडी, आणि त्याची रवानगी ठाणे, कल्याण नाहीतर तळोजा कारागृहात. वकिलांच्या तोंडी याच दोन गोष्टी पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड) आणि एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) म्हणून येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये पोलीस कोठडीची एकूण मर्यादा १५ दिवसच आहे, पण ती तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत घेता येते. त्यामुळे हल्लीच्या कागदांत जेलमधून पुन्हा पोलीस कोठडीत गेलेला आरोपी दिसला तर तारखा चुकल्या असं समजून त्या 'दुरुस्त' करू नका.

कोर्टातलं लॉक-अप ही तिसरीच जागा. तारखेला जेलमधून आणलेल्यांना पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या आवारात जिथे बसवतात, ते कोर्ट लॉक-अप. तिथे कोणाचाही १४ दिवस मुक्काम नसतो.

मग १४ दिवसांच्या न्यायालयीन कोठडीचं इंग्रजी काय? 'रिमांडेड टू ज्युडिशियल कस्टडी फॉर फोर्टीन डेज'. क्रियापदाकडे लक्ष द्या. इथे 'सेन्टेन्स्ड' आलं की निर्दोष सुटू शकणाऱ्या माणसाला तुम्ही शिक्षा ठोठावली असं होतं. हे १४ दिवस म्हणजे पुढच्या तारखेपर्यंतची मुदत असते, ती वाढतही जाते. रिमांड ही जागा नाही, कोर्टाची कृती आहे. आपल्याकडे बोलताना 'रिमांडमध्ये घेतला' म्हणजे पोलिसांनी चोपला असाही अर्थ निघतो, पण इंग्लंडच्या कागदात 'ऑन रिमांड' दिसलं तर माणूस खटल्याची वाट पाहत प्रिझनमध्ये आहे एवढंच समजायचं.

कारागृहाच्या आत गेल्यावर सरकारी मराठी फार नेमकी आहे, तिचा फायदा घ्या. 'कैदी' हा बोलीतला शब्द. कारागृह विभाग 'बंदी' लिहितो. खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी, इंग्रजीत अंडरट्रायल, लोकांच्या भाषेत कच्चा कैदी. शिक्षा लागलेला सिद्धदोष बंदी, म्हणजे कन्व्हिक्ट. खटल्याशिवाय प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेला तो स्थानबद्ध, म्हणजे डेटेन्यू. तिघेही एकाच कारागृहात असू शकतात. म्हणून 'ही वॉज इन तळोजा प्रिझन' एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरला होता की नाही हे परदेशी वाचकाला कळत नाही, आणि अमेरिकी वाचक तर प्रिझन शब्द पाहताच शिक्षा झाली असं धरून चालतो. अशा ठिकाणी 'ॲज ॲन अंडरट्रायल' हे शब्द मूळ कागदाच्या आधारे जोडता येत असतील तर जोडा.

अमेरिकी वाचक असं का धरतो? तुमच्या दुसऱ्या नमुन्यात याचं उत्तर आहे. जेल आणि प्रिझन यांच्यात खरा, व्यवस्थेतला फरक अमेरिकेत आहे. तिथे जेल सहसा काउंटीचा किंवा शहराचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी शेरीफ तो चालवतो. त्यात दोन प्रकारचे लोक असतात: जामीन न मिळालेले, खटल्याची वाट पाहणारे, आणि साधारण एका वर्षापर्यंतची शिक्षा झालेले. एका वर्षाहून जास्त शिक्षेचे, म्हणजे फेलनी प्रकारचे गुन्हेगार प्रिझनमध्ये जातात, आणि प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं असतं. न्यूयॉर्कचं रायकर्स आयलंड शहराच्या अखत्यारीतलं जेल आहे, सिंग सिंग राज्याचं प्रिझन आहे. तेव्हा काउंटी जेलमधले अकरा महिने ही किरकोळ गुन्ह्याची शिक्षा असू शकते किंवा खटल्याआधीची कोठडी. 'सर्व्ह्ड' हे क्रियापद असेल तर शिक्षेकडे कल झुकतो, 'हेल्ड' असेल तर कोठडीकडे. मराठीत मी 'काउंटीचा तुरुंग (जेल)' असं लिहीन. 'जिल्हा कारागृह' हा शब्द इथे मोहात पाडतो, पण टाळावा, कारण आपल्या जिल्हा कारागृहावर राज्य सरकारचा कारभार चालतो.

या नियमालाही अपवाद आहेत. अलास्का, हवाई, कनेटिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या राज्यांत जेल आणि प्रिझनची व्यवस्था एकत्र आहे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा बदलून कमी गंभीर फेलनीचे काही गुन्हेगार काउंटी जेलकडे वळवले, तिथे जेलमध्ये अनेक वर्षांची शिक्षाही दिसेल. केंद्राच्या ताब्यातले, खटला बाकी असलेले लोक बऱ्याचदा 'डिटेन्शन सेंटर' नावाच्या इमारतीत असतात. ब्रुकलिनमध्ये तसं एक आहे. म्हणून अमेरिकी कागदावर राज्याचं नाव पाहिल्याशिवाय शब्दावर शिक्कामोर्तब करू नये.

कॅनडात हीच रेष दोन वर्षांवर आहे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल तर केंद्राची पेनिटेन्शरी, कमी असेल तर प्रांताचा तुरुंग. त्यामुळेच तिथल्या निकालांत 'दोन वर्षांना एक दिवस कमी' अशी चमत्कारिक वाटणारी शिक्षा सापडते. ती छपाईची चूक नसते. त्या एका दिवसाने माणूस कोणाच्या ताब्यात जाणार ते बदलतं.

इंग्लंडमध्ये ही वाटणीच नाही. कच्चे-पक्के सगळे प्रिझनमध्ये, आणि जेल हा त्याचाच बोलका पर्याय. मात्र ब्रिटिश बातमीत 'जेल्ड फॉर सिक्स इयर्स' आलं तर ती सहा वर्षांची शिक्षा आहे, तिथे 'तुरुंगात रवानगी' हे मराठी अपुरं पडतं. तिथलं 'लॉक-अप' तर भलतंच निघू शकतं: ब्रिटिश माणूस भाड्याने घेतलेल्या, कुलूप लावता येणाऱ्या गॅरेजलाही लॉक-अप म्हणतो. चोरीचा माल लॉक-अपमध्ये सापडला म्हणजे पोलीस ठाण्यात सापडला असं नव्हे.

जुन्या कागदांसाठी दोन सूचना, आणि त्या ठाणेकरांना खास लागू आहेत. ब्रिटिश काळात जेलचं स्पेलिंग बऱ्याचदा जी-ए-ओ-एल असं असतं. उच्चार जेलच, अर्थही तोच. पण टंकलेखनात आणि स्कॅन केलेल्या मजकुरात त्यातली दोन अक्षरं उलटी होऊन 'गोल' होतं, म्हणजे ध्येय. शोध घेताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. दुसरं, त्याच काळात ठाण्याचं स्पेलिंग 'थाना' किंवा 'टॅना' असं दिसतं, आणि उत्तरेकडच्या इंग्रजी कागदांत 'थाना' म्हणजे पोलीस ठाणं. 'थाना लॉक-अप' वाचून ठाण्यातल्या आपल्या कोर्ट नाक्याकडे धाव घेण्याआधी कागद कोणत्या प्रांतातला आहे ते बघा.

पेनिटेन्शरीच्या मुळाशी पश्चात्तापाची कल्पना आहे. गुन्हेगाराला एकांतात ठेवलं की तो आत्मपरीक्षण करील, या विचारातून अमेरिकेत फिलाडेल्फियाची ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी १८२९ मध्ये सुरू झाली. आज अमेरिकी केंद्राच्या व्यवस्थेत हा शब्द कडक सुरक्षेच्या तुरुंगांच्या नावात लागतो, तर कमी आणि मध्यम सुरक्षेच्या बऱ्याच तुरुंगांच्या नावात 'करेक्शनल इन्स्टिट्यूशन' असतं. करेक्शनल पाहून 'सुधारगृह' लिहू नका. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच अल्पवयीन मुलं येतात, आणि तिथे पक्के दरोडेखोर असतात. 'कारागृह' पुरे. आपल्याकडे पश्चिम बंगालने १९९२ च्या कायद्याने तुरुंगांना 'करेक्शनल होम' नाव दिलं. कोलकात्यातल्या अलीपूर आणि प्रेसिडेन्सी तुरुंगांच्या पाट्यांवर तेच आलं. नाव बदललं, शिक्षा तीच. शब्द सौम्य करण्याच्या या हौसेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण भाषांतरकाराने विशेषनामाला हात लावू नये हेही खरं. सेल्युलर जेल सेल्युलर जेलच राहतो, तिहार सेंट्रल जेल आणि आर्थर रोडचं अधिकृत नाव मुंबई सेंट्रल प्रिझन.

मुलांच्या बाबतीत चूक महागात पडते. रिमांड होम हा शब्द लोकांच्या तोंडात अजून आहे, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात चौकशी चालू असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलासाठी ऑब्झर्व्हेशन होम, म्हणजे निरीक्षणगृह, आणि चौकशीअंती बाल न्याय मंडळाने पाठवलं तर स्पेशल होम, म्हणजे विशेष गृह. यांतल्या कशालाही जेल किंवा प्रिझन म्हणणं कायद्याच्या हेतूच्याच विरुद्ध आहे. मुलाला 'आरोपी' किंवा 'कैदी' म्हणणंही. बोर्स्टल वेगळं: तरुण गुन्हेगारांची संस्था, नाव इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या गावावरून पडलेलं, आपल्याकडे १९२९ चा मुंबई बोर्स्टल स्कूल्स ॲक्ट आणि नाशिकचं किशोर सुधारालय.

दिवाणी कोर्टाची कागदपत्रं आली तर 'सिव्हिल प्रिझन' भेटेल. पैशाच्या हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्या देणेकऱ्याला त्यात ठेवता येतं: रक्कम ५,००० रुपयांहून जास्त असेल तर तीन महिन्यांपर्यंत, २,००० ते ५,००० च्या दरम्यान असेल तर सहा आठवड्यांपर्यंत, २,००० पर्यंत असेल तर मुळीच नाही. त्याच्या जेवणखाणाचा भत्ता घेणेकऱ्याने भरायचा असतो, आणि सुटला म्हणून कर्ज फिटत नाही. हा माणूस गुन्हेगार नाही. त्यामुळे 'शिक्षा', 'कन्व्हिक्ट', 'कारावास' हे शब्द इथे टाळायचे, 'दिवाणी कैद' लिहायचं.

डिटेन्शन आणि इंटर्नमेंट या दोन्हींत खटला नसतो. डिटेन्शन बहुधा एकेका व्यक्तीच्या नावाच्या हुकमाने होतं: १९४२ ते १९४४ गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये होते, नेहरू १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात. इंटर्नमेंट माणूस कोणत्या गटातला आहे यावरून होतं. दुसऱ्या महायुद्धात देवळाली आणि डेहराडूनच्या छावण्यांत जर्मन नागरिक ठेवले गेले, अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक छावण्यांत नेले, १९६२ मध्ये आपण चिनी वंशाचे लोक राजस्थानातल्या देवळीला पाठवले. याला 'नजरबंदी छावणी' म्हणा. 'छळछावणी' हा शब्द मराठीत नाझींच्या कॉन्सन्ट्रेशन कँपसाठी पक्का झालेला आहे, तो इथे आणू नये. पकडलेले सैनिक असतील तर युद्धकैद्यांची छावणी.

जागेचा शब्द बरोबर आला तरी माणसांचे आणि रजांचे शब्द घसरतात. अमेरिकेत 'वॉर्डन' म्हणजे तुरुंगाचा प्रमुख, आपला अधीक्षक. इंग्लंडमध्ये तोच 'गव्हर्नर', त्याला राज्यपाल करू नका. आपल्याकडे 'वॉर्डर' म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई, आणि 'जेलर' म्हणजे तुरुंगाधिकारी, जो अधीक्षकाच्या हाताखाली असतो. तसंच पॅरोल. अमेरिकेत ती शिक्षा संपण्याआधीची अटींवरची सुटका. महाराष्ट्रात ती अभिवचन रजा, काही कारणापुरती, आणि संपली की परत आत. फर्लो म्हणजे संचित रजा. 'रिलीज्ड ऑन पॅरोल' या तीन शब्दांचा ठाण्यातला अर्थ आणि टेक्सासमधला अर्थ वेगळा आहे, त्यामुळे इंग्रजीत जाताना 'टेम्पररी रिलीज' असं स्पष्ट लिहिणं बरं.

राहिला व्हिसाचा अर्ज. त्यातले अरेस्टेड, डिटेन्ड, कन्व्हिक्टेड, इम्प्रिझन्ड हे चार वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. मराठीतही 'ताब्यात घेतलं' आणि 'अटक केली' यांत फरक आहे. पहिलं डिटेन्ड, दुसरं अरेस्टेड. समजा, मोर्चात एखाद्याला पोलिसांनी प्रतिबंधक कारवाई म्हणून उचललं आणि संध्याकाळी सोडलं. त्याला शिक्षा झालेली नाही, इम्प्रिझन्ड तर नाहीच, पण डिटेन्ड किंवा अरेस्टेडला 'नाही' लिहिणं खोटं ठरू शकतं. दोन महिने तळोजात काढून पुढे निर्दोष सुटलेल्याचं इम्प्रिझन्डचं उत्तर काय, हे अर्जाखालच्या सूचनांवर आणि त्या देशाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. ते ठरवणं अर्जदाराचं आणि त्याच्या वकिलाचं काम. तुम्ही प्रत्येक क्रियापदाला वेगळा मराठी शब्द द्या, चारही एका 'तुरुंगवास' मध्ये कोंबू नका, आणि शंका राहिलीच तर मूळ शब्द देवनागरीत शेजारी लिहून तळटीप टाका.